रानम्हशीचें राज्य

एखादा प्राणी कोठें राहतो, हा प्रश्न भूगोलाचा समजला जातो. आमच्या मतें तो बव्हंशीं इतिहासाचा आहे. किलर व्हेल नांवाचा बलाढ्य जलचर उत्तरेकडील हिमसमुद्रापासून दक्षिण ध्रुवाच्या किनाऱ्यापर्यंत सर्व महासागरांत, क्वचित् आपल्या अरबी समुद्रांतही, आढळतो. समुद्रास बांध घालतां येत नाहींत. भूचरांची गोष्ट निराळी. त्यांचें राज्य माणसाच्या नांगरानें आणि बंदुकीनें आंखलें जातें. गडचिरोलीची रानम्हैस हें याचें आपल्या घरचें उदाहरण होय.

या पशूचें राज्य एके काळीं केवढें होतें! सिंधु संस्कृतीच्या मुद्रांवर तो आहे. इसवी सनापूर्वी सुमारें २२०० च्या, अक्कडच्या शार्कलीशर्री राजाच्या लेखकाच्या मुद्रेवरही लांब शिंगांचे दोन रेडे कोरलेले आहेत. ती मुद्रा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. कॅप्टन फोर्सिथ याच्या १८७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथांत पूर्वेकडील रानांतील रानम्हशींच्या शिकारीचीं वर्णनें आहेत.

आज बहुतेक रानम्हशी आसामांत आहेत. नेपाळांत कोशी नदीकांठीं, तसेंच भूतान, ब्रह्मदेश, थायलंड व कंबोडिया येथें थोडे कळप उरले आहेत. मध्य भारतांत छत्तीसगडचा कांहीं भाग सोडल्यास महाराष्ट्रांत एकच ठिकाण उरलें, तें म्हणजे सिरोंचा वनविभागांतील कोलामार्का. २०१३ सालीं तेथील १८० चौरस किलोमीटरांहून अधिक रान संवर्धन राखीव म्हणून घोषित झालें. हा मुलूख २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यांतच मोडत असे.

ताडोबांत दिसणारा गवा म्हणजेच रानरेडा, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. साहेबी शिकाऱ्यांनीं गव्यास ‘बायसन’ म्हणून या घोटाळ्यांत भरच घातली. गवा डोंगरउतारावरही सुखानें राहतो. रानम्हशीस मात्र डोह, चिखल आणि पाण्याकांठचें उंच गवत हवें. आणि येथेंच तिचा घात झाला. जी जमीन तिला हवी, तीच भाताला हवी. शिकारीनें कळप विरळ केले हें खरें, पण शिकारी निघून जातो. खांचर एकदां बांधलें कीं तें राहतें. गांवच्या गुरांकडून बुळकांडीही रानांत शिरली. तो रोग जगांतून नाहींसा झाल्याचें २०११ सालीं जाहीर झालें, परंतु तोंपर्यंत पुष्कळ कळप उजाड झाले होते.

आतांचें भय अधिक सूक्ष्म आहे. पाळीव म्हैस ही रानम्हशीचीच वंशज. दोघींचा संकर सहज होतो, व कांहीं पिढ्यांनंतर रानांत म्हशी दिसतात पण त्या रानम्हशी राहत नाहींत. कर्नाळ येथील संशोधकांनीं डिसेंबर २०१४ मध्यें छत्तीसगडच्या एका रानम्हशीच्या पेशीपासून पारडूं जन्मास घातलें. तें कौतुकास्पद खरेंच. पण अशीं पारडीं सोडावयाचीं कोठें? कोलामार्काचें रान सीमेपलीकडील इंद्रावतीच्या रानास जोडलेलें आहे. तो जोड टिकला तरच येथील मूठभर म्हशींस परका नर मिळेल. आणि रानाकडेच्या गांवांतील गुरें वेगळीं चरलीं व त्यांस वेळेवर लस टोंचली गेली, तरच तो नर रानचा असेल.