मुल्की कोण?

आमचं गडचांदूर एकेकाळी निजामाच्या मुलखात होतं, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं. तेव्हा राजुरा तालुका नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चंद्रपुरात आला. त्या काळातला एक शब्द जुन्या माणसांच्या तोंडी राहिला, 'मुल्की'. म्हणजे या मुलखाचा. निजामाच्या १९१९च्या फर्मानाने सरकारी नोकरीत मुल्कींना प्राधान्य होतं. बाहेरून आलेल्याला मुल्की ठरायला १५ वर्षांचा रहिवास लागे.

तोच प्रश्न पुढे डॉक्टरकीच्या प्रवेशात उभा राहिला. १९५३च्या नागपूर कराराने विदर्भाला शिक्षणात न्याय्य वाट्याचं वचन दिलं होतं. १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, सगळ्याच जागा स्थानिकांना देता येणार नाहीत. १९८५पासून महाराष्ट्रात ७०:३०चं सूत्र आलं. कॉलेज ज्या विभागात, तिथल्या मुलांना ७० टक्के. उरलेल्या ३० टक्के जागा साऱ्या राज्याला. मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून तिथली मुलं चांगले गुण असूनही मागे राहत. अखेर सप्टेंबर २०२०मध्ये हे सूत्र रद्द झालं. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं रहिवासावरचं आरक्षण तर जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं.

पण त्या ७० टक्क्यांत आमच्या वाट्याला काय आलं? विदर्भ एकच विभाग. नागपुरात शिकवणी लावलेला मुलगा आणि जिवती-एटापल्लीच्या पाड्यावरची मुलगी एकाच रांगेत उभी. कागदावर दोघेही स्थानिकच!

प्रकाश आमटे वरोऱ्याजवळच्या आनंदवनात वाढले, नागपुरात डॉक्टर झाले आणि १९७३ साली हेमलकशाला गेले. ते गेले, राहिले. रहिवासी दाखल्याने कुणी असा राहत नाही. सरकारी कॉलेजातून शिकलेल्या डॉक्टरला एक वर्षाच्या सेवेचं बंधन असतं. पण अनेक वर्षं दहा लाख दंड भरला की तोही सुटत असे.

आता २०१५पासून चंद्रपुरात आणि २०२४पासून गडचिरोलीतही सरकारी मेडिकल कॉलेज आहे. इमारत दारात आली, ही मोठी गोष्ट. तिथे आपली गोंड, माडिया, कोलाम मुलं पोचावीत म्हणून आठवीपासूनच हात द्यावा लागेल. आणि जो बाहेरून येईल त्याचा मागचा रहिवास कशाला मोजायचा? पुढचा मोजावा. रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी जो दार उघडेल, तो आमचा मुल्की.