माळेतले व्हेनिस

ठाकुर्लीच्या आत्याकडे तिच्या सासूबाईंची पुतळ्यांची माळ होती. नातीच्या लग्नासाठी ती मोडून पाटल्या करायचे ठरले. नाण्यांचा नाद असलेला भाचा म्हणून आदल्या रात्री माळ माझ्या हाती आली. पुतळ्या एकवीस.

पुतळी हे मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे, डुकाट. ते 1284 साली निघाले आणि 1797 मध्ये प्रजासत्ताक बुडेपर्यंत चालले. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोजे, म्हणजे व्हेनिसचा प्रमुख. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त. आपल्या लोकांनी त्यात माणसांच्या आकृती पाहिल्या आणि नाव पुतळी पडले, असे मला वाटते.

संग्राहक फ्रान्सच्या राजांच्या एकूंमागे धावतात. अकराव्या लुईने 1475 मध्ये सूर्यचिन्हाचा एकू काढला, पहिल्या फ्रान्स्वाने त्यावर सॅलमँडर आणला. राजागणिक छाप बदलत गेला. संग्राहकाला हीच मौज. पण मिरी विकणाऱ्याला मात्र ओळखीचा छाप हवा असतो. पाचशे वर्षे तोच राहिलेला व्हेनिसचा छाप इजिप्त, तांबडा समुद्र ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर विश्वासाने घेतला गेला. मागणी वाढली तशी इथल्या सोनारांनी स्वतःचे ठसे कोरले. लॅटिन कुठे वाचता येत होते? अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या.

आमच्या माळेतल्या एकोणीस पुतळ्या अशाच, पातळ पत्र्याच्या. दोन मात्र जड निघाल्या. भिंगाखाली एकीवर आलोय आणि मोचेन अशी अक्षरे लागली: आल्विसे मोचेनिगो. पण या नावाचे डोजे चार! पहिला 1570 ते 1577, शेवटचा 1763 ते 1778. अक्षरांच्या वळणावरून मी अठराव्या शतकाकडे झुकतो; त्यापुढे छातीठोक सांगणार नाही. दुसरीचे नाव कडीच्या डाखाखाली गेले आहे. कडी लावलेल्या नाण्याची बाजारात किंमत उतरते. माझ्या लेखी ती कडीच कोकणातल्या मुक्कामाची नोंद आहे.

आत्याने दोन जड पुतळ्या काढून ठेवल्या. उरलेल्या वाचवाव्यात म्हणून मी रात्री बराच वाद घातला. त्या ‘नकली’, म्हणून कोणी ऐकले नाही. व्हेनिसची नाणी जगभरच्या संग्रहांत आहेत. आमच्या अनाम सोनाराचा तो ठसा मला पुन्हा कुठे दिसलेला नाही. एकोणीस पुतळ्या मुशीत गेल्या. त्यांची वजने आणि फोटो माझ्या वहीत आहेत.