पानिपतात बघण्यासारखं काहीच नाही

पानिपतला जाऊन आलेल्या मराठी माणसाला विचारा, तिथं काय बघितलंस? उत्तर बहुतेक एकाच चालीचं येतं. दिल्लीपासून उत्तरेला साधारण नव्वद किलोमीटर, सरळ हायवे, दोन्ही बाजूंना ढाबे आणि गोदामं. गाव म्हणजे ब्लँकेटं, सतरंज्या आणि पचरंगा लोणच्याची दुकानं. जगभरातले टाकून दिलेले कपडे इथं येतात आणि त्यांचं पुन्हा सूत होतं. मग शहराबाहेर सात-आठ किलोमीटरवर काला आंब. लोखंडी कुंपण, आत विटांचा एक स्तंभ, भोवती बाग आणि त्यापलीकडे शेती. अर्ध्या तासात सगळं बघून होतं. ज्या आंब्याच्या झाडावरून जागेला नाव पडलं, ते झाडही आता नाही.

मग माणूस हळूच म्हणतो, ‘खरं सांगू? बघण्यासारखं काहीच नाही.’

ही निराशा समजण्यासारखी आहे, कारण आपल्या डोक्यात पानिपत आधीच बांधून तयार असतं. शाळेतल्या धड्यानं पाया घातलेला असतो, विश्वास पाटलांच्या १९८८च्या कादंबरीनं भिंती चढवलेल्या असतात, २०१९च्या सिनेमानं रंग दिलेला असतो. शिवाय आपण मराठी बोलतो. कुणाचं परीक्षेत पानिपत होतं, कुणाचं निवडणुकीत. जो शब्द रोज तोंडात आहे त्याची जागा केवढी तरी असणार, असं वाटतंच. त्यात आपली नजर गडांना सरावलेली. रायगडावर टकमक टोक आहे, सिंहगडावर कडा आहे. वाटाड्या आपल्याला काठाशी उभा करतो आणि ‘इथून’ म्हणतो. पानिपतात ‘इथून’ म्हणायला काही उंचच नाही. नजर जाईल तिथवर सपाट.

पण लढाई कळून घ्यायची असेल तर हा सपाटपणाच नीट बघायला हवा. पानिपतात लढाया झाल्या त्या त्याच्यामुळेच.

नकाशा उघडा. वायव्येकडून, पंजाबातून दिल्लीवर येणाऱ्या सैन्याला एका बाजूला हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश आणि दुसऱ्या बाजूला राजस्थानचा रखरखीत मुलूख. मधे यमुनेच्या कडेनं जाणारा मैदानी पट्टा. घोडदळ, तोफा, बैलगाड्या घेऊन चालायचं तर रस्ता हवा, पाणी हवं, चारा हवा. तो या पट्ट्यात मिळायचा. दिल्लीच्या राज्यकर्त्याला शत्रू वेशीवर येण्याआधी अडवायचा असेल, तर दोन-चार मुक्काम पुढं येऊन इथंच गाठावं लागे. म्हणून तराईच्या ११९१ आणि ११९२च्या लढाया याच पट्ट्यात. १५२६ला बाबर आणि इब्राहिम लोदी, १५५६ला अकबराचं सैन्य आणि हेमू, १७३९ला कर्नाळजवळ नादिरशहा. आणि १४ जानेवारी १७६१ला सदाशिवरावभाऊ आणि अहमदशहा अब्दाली.

शेवटच्या लढाईत हा सपाटपणा आपल्या बाजूनं आणि विरुद्ध, दोन्हीकडून लढला.

फेब्रुवारी १७६०मध्ये भाऊंनी उदगीरला निजामाला हरवलं होतं. तिथं इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळ कामी आलं होतं. मार्चमध्ये सैन्य उत्तरेकडे निघालं. बरोबर लढणारे होते तसे बाजारबुणगे, सरदारांचे कबिले आणि यात्रेकरूही होते. मथुरा, वृंदावन, कुरुक्षेत्र फौजेच्या संरक्षणात करून यावं, असा त्यांचा हिशेब. म्हणजे पानिपताला पोचलेल्या मराठी माणसांमध्ये बरेचजण खरंतर प्रवासालाच निघाले होते, आणि त्यांना पानिपत बघायचंच नव्हतं.

वाटेत सूरजमल जाटानं सल्ला दिला होता की बायका-मुलं आणि जड सामान मागं सुरक्षित ठेवा, सडे होऊन लढा. मल्हारराव होळकरांचाही कल जुन्या गनिमी काव्याकडे होता. भाऊंचा भरवसा तोफांवर होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. सपाट रानात तोफेला आडकाठी नसते, आणि लढाईच्या दिवशी गारद्यांनी रोहिल्यांची भयंकर कत्तल केली. पण गनिमी काव्याला दरी लागते, खिंड लागते, रान लागतं. इथं त्यातलं काय होतं?

ऑक्टोबर १७६०मध्ये मराठ्यांनी यमुनाकाठचा कुंजपुरा किल्ला घेतला. धान्य हाती लागलं. पुढं कुरुक्षेत्राच्या स्नानाचा बेत होता. तेवढ्यात अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे आणि दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. आता चित्र उलटंच झालं. दक्षिणेतून आलेले मराठे उत्तरेला, तोंड दिल्लीकडे. उत्तरेकडून आलेला अब्दाली दक्षिणेला, तोंड काबूलकडे. प्रत्येकाच्या घरचा रस्ता दुसऱ्यानं अडवलेला.

असे ते सुमारे अडीच महिने समोरासमोर बसले. अब्दालीला यमुनेपलीकडच्या रोहिल्यांच्या मुलखातून रसद येत होती. मराठ्यांची रसद तुटत गेली. बाहेरून अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. उत्तरेतली थंडी, उपाशी जनावरं, उपाशी माणसं. शेवटी पौष शुद्ध अष्टमीला सैन्य बाहेर पडलं ते रस्ता फोडून निघण्यासाठी. दुपारपर्यंत पारडं मराठ्यांकडे होतं. मग अब्दालीनं राखीव फौज आणि उंटांवरची जंबुरकी पुढं घातली, विश्वासराव गोळी लागून पडले आणि फळी फुटली.

यापुढचं या जमिनीशिवाय समजत नाही. सह्याद्रीत हरलेलं सैन्य अर्ध्या तासात जंगलात दिसेनासं होतं. इथं पळणारा माणूस कोसावरून दिसत होता. पाठलाग करणाऱ्या घोडेस्वाराला फक्त सरळ जायचं होतं. लढाईतल्याइतकीच माणसं त्या पाठलागात आणि दुसऱ्या दिवसाच्या कत्तलीत गेली असावीत. अठरा वर्षांचे नाना फडणवीस त्यात होते. आईला आणि बायकोला घेऊन आले होते. ते जिवंत परतले, बायको वाचली, आई त्या पळापळीत हरवली ती कायमचीच. वाचून भरतपूरकडे पोचलेल्यांना आसरा दिला तो सल्ला न ऐकलेल्या सूरजमलानंच.

मग तिथं काही उभं का राहिलं नाही? १५२६ला जिंकलेला बाबर हिंदुस्थानात राहिला, म्हणून पानिपतात त्याची काबुली बाग मशीद आहे. १७६१ला जिंकलेला अब्दाली मार्चमध्ये परत निघून गेला. त्याला इथं काही बांधायचं नव्हतं. विश्वासरावांच्या देहाला अग्नी मिळाला तो शुजाउद्दौल्याच्या मध्यस्थीनं. त्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडितानं ते सगळं पुढं फारसीत लिहून ठेवलं. हजारोंच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. हरलेले हजार-बाराशे किलोमीटर दूर. त्यांनी आठवण ठेवली ती भाषेत, बखरीत आणि घराघरांतल्या न परतलेल्यांच्या नावांत. जागेवरची आठवण ठेवली ती तिथल्याच लोकांनी, एका आंब्याच्या झाडात. रक्तानं माती काळी झाली, म्हणून झाड काळं झालं, असं ते सांगत राहिले. झाड वठलं, त्याच्या लाकडाची दारं झाली, ती संग्रहालयात गेली. मग स्तंभ आला.

आता दर १४ जानेवारीला काला आंबला महाराष्ट्रातून माणसं जातात, आणि इथं भव्य स्मारक व्हावं ही मागणीही जुनी आहे. तिच्यामागची भावना खोटी नाही. पण एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. बेल्जियममध्ये वॉटर्लूला १८१५च्या लढाईनंतर नेदरलँड्सच्या राजानं सुमारे चाळीस मीटर उंच मातीची टेकडी उभारली. वर लोखंडी सिंह, चढायला २२६ पायऱ्या. १८२६मध्ये ती पुरी झाली. पर्यटकांना बघायला काहीतरी मिळालं. पण तिच्यासाठी माती काढली ती लढाईच्याच रानातून, आणि ज्या उंचवट्याच्या आडोशानं वेलिंग्टननं आपलं सैन्य झाकलं होतं तो तिथं बराचसा खरवडला गेला. आता टेकडीवरून सगळं रान दिसतं, फक्त लढाई तशी का झाली ते दिसत नाही.

पानिपतात कारखाने आणि वसाहतींनी रान आधीच खाल्लंय. उरलेल्या तुकड्यांवर पुतळे आणि कारंजी आली तर फोटोची सोय होईल. त्यापेक्षा चार साधे फलक पुरेत: मराठ्यांची फळी कुठून कुठवर होती, गारदी कुठं होते, अब्दालीची छावणी किती दूर होती, यमुना कुठल्या अंगाला.

जायचं असेल तर जानेवारीत जा. धुकं असेल, गाडी उशिरा पोचेल. शहर मागं टाकून एखाद्या गव्हाच्या शेताच्या बांधावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. त्याच दिशेला दिल्ली आहे आणि बरंच पुढं गेल्यावर पुणे. दिवस हिवाळ्याचे, त्यामुळं दुपारचं ऊन समोरून डोळ्यांवर येतं. समोरच्या इमारती मनातून पुसून टाका आणि पळत सुटायची वेळ आली तर कुठं लपता येईल, एवढंच शोधा.