माती, गादी आणि सत्तावन्न किलो

कोणताही बीडकर जन्मतः अर्धा पैलवान असतो. उरलेला अर्धा खुराकाअभावी राहून जातो. आमच्याकडे पाऊस बेभरवशाचा, म्हणून म्हशीही बेभरवशाच्या. आणि बदाम हा प्रसादात चुकून हाती लागणारा पदार्थ. तरी गावोगाव तालीम असते आणि तिथे मारुती असतो. त्याला खुराकाची काळजी नाही. शनिवारच्या तेलावर त्याचं भागतं.

१९७३ सालचा ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ मजल दरमजल करत आमच्यापर्यंत पोचला आणि या मारुतीच्या राज्यात फूट पडली. आळीतली पोरं दोन दांडकी साखळीने जोडून गरागरा फिरवू लागली. पहिला फटका हमखास फिरवणाऱ्याच्याच टाळक्यात बसे. हॉटेलात वाद सुरू झाला: कराटे श्रेष्ठ की कुस्ती? कराटेवाले म्हणत, पैलवान जवळ यायच्या आत लाथ बसेल. कुस्तीवाले म्हणत, लाथ मारायला एक पाय उचलावा लागतो ना? म्हणजे आमचं अर्धं काम तुम्हीच केलंत. उरलेला एकच पाय आम्ही काढायचा!

वादाला तोड नव्हती. पण इतिहासात हा प्रयोग होऊन गेला आहे, तोही त्याच दोन माणसांत. १९१० साली लंडनला गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को गादीवर भिडले. झिबिस्को जो पोटावर आडवा झाला तो उठायलाच तयार होईना. अडीच तास गामा त्याला उलटवत होता. निकाल लागला नाही, आणि पुढच्या आठवड्यात झिबिस्को फिरकलाच नाही. मग १९२८ साली पतियाळाला, आपल्या मातीत, तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. दोघंही पन्नाशीला टेकलेले. मिनिटाच्या आत झिबिस्को चीत! माणसं तीच, फक्त जमीन बदलली.

आता जमिनीत असं काय असतं? तालमीच्या हौदातली लाल माती हळद, ताक, तेल घालून पोसलेली असते. तिच्यात पाय रुततो, घामावर माती चोळली की पकड बसते, डाव शिजायला वेळ मिळतो. निकालही सरळ: पाठ टेकली, संपलं. गादीवर मात्र पाय सटासट चालतात, हात निसटतात, आणि तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुणांचा हिशेब. म्हणजे माती हा संसार आणि गादी ही परीक्षा.

खाशाबा जाधवांनी ही परीक्षा दोनदा दिली. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी १९४८ला लंडनला गेला, तेव्हा गादीची आणि तिकडच्या नियमांची सवय नव्हती, सहावा आला. चार वर्षं गादी आपलीशी केली आणि १९५२ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गट सत्तावन्न किलोचा. ज्वारीचं पोतं यापेक्षा जड भरतं.

आणि सत्तावन्न किलो म्हटलं की आमची कॉलर ताठ होते. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच वजनात सुवर्ण घेतलं. अंतिम लढतीत कॅनडाच्या ताकाहाशीला १५-७ने हरवलं. पुढच्या वर्षी ६१ किलोत जागतिक स्पर्धेचं कांस्य. पाटोदा म्हणजे ऊसतोडीला बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसांचा मुलूख. तिथून पोरानेही बिऱ्हाड हलवलं, पण पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत. तिथे हरिश्चंद्र बिराजदार वस्ताद होते, १९६९चे महाराष्ट्र केसरी. २०११ साली ते गेले. त्यानंतर काका पवारांनी हाताशी धरलं. पवार मूळचे ग्रीको-रोमनचे, म्हणजे कमरेखाली हात न लावणाऱ्या कुस्तीचे. आणि राहुल लढतो फ्रीस्टाइल, जिथे पायच काढायचे असतात! पोराने ‘तुमची श्रेष्ठ की आमची’ असा वाद घातला नाही. जे मिळालं ते पचवलं. खुराक म्हणतात तो हाच असावा.

बाराव्या शतकात चालुक्यराजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मल्लविनोद’ म्हणून वेगळा भाग घातला आणि पैलवानांचे प्रकार, कसरत, आहार सगळं आस्थेने नोंदवलं. राजाने खुराकाकडे लक्ष दिलं की पैलवान होतात, इतपत राज्यशास्त्र आम्हालाही कळतं. बाकीच्या काळात पैलवान घडवायचे ते आईबापांनी, दावणीची म्हैस विकून.

महाराष्ट्र केसरीत मातीचा विजेता आणि गादीचा विजेता शेवटी एकमेकांशीच भिडतात. हॉटेलातला वाद असा दरवर्षी मिटतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतो. आमच्या एका म्हाताऱ्या वस्तादांना मी विचारलं होतं, चांगला पैलवान कोणता? ते लंगोट वाळत घालत होते. म्हणाले, “अंगाला कुठलीबी माती लागू दे बाबा, पाठीला लागू नये. अन् लागलीच, तर झटकून उद्या सकाळी पाचला हजर पाहिजे.”