पाठीवरचं ओझं

परवा आमच्या ऑफिसात फायर ड्रिल झालं. फायर ब्रिगेडच्या जवानाला विचारून त्याचं हवेचं सिलिंडर पाठीवर चढवून बघितलं. दोन मजले चढेपर्यंत खांदे भरून आले, तोलही मागे जायला लागला. तो हसून म्हणाला, "साहेब, कमरेचा पट्टा आवळा आधी." आवळला. निम्मं ओझं गायब!

या पट्ट्यामागेही इतिहास आहे बरं का. १९७० च्या आसपास अमेरिकेत हा संच १३-१४ किलोचा होता आणि सगळा भार खांद्यांवर. वैतागून कित्येक फायरमन तो न लावताच धुरात शिरायचे. आगीत ज्वाळांपेक्षा धूरच जास्त जीव घेतो, हे माहीत असूनही!

१९७१ मध्ये नासाने हे काम हाती घेतलं. रॉकेटच्या मोटरचं कवच बनवायचं तंत्र वापरून, अ‍ॅल्युमिनियमवर काचेचे तंतू गुंडाळून हलकं सिलिंडर केलं. हवेचा दाब जवळजवळ दुप्पट, वजन मात्र साधारण ९ किलो. भार खांद्यांवरून कमरेवर आणला, मास्कमधून दिसायलाही जास्त लागलं. १९७४-७५ मध्ये ह्यूस्टन, लॉस एंजलिस आणि न्यूयॉर्कच्या फायरमननी हे संच खऱ्या आगींत वापरून बघितले.

आपण सॉफ्टवेअरवाले 'युजरला अक्कल नाही' म्हणून मोकळे होतो. तिथे कोणीतरी फायरमनला दोष न देता आधी ओझं उतरवलं. सोय म्हणजे चैन नव्हे. जे अंगावर राहत नाही, ते जीव कसा वाचवणार?