कोकणच्या पावसात लाकूड टिकवायचं तर : घरासाठी कोणतं लाकूड कुठे वापरावं, त्यावर काय लावावं

जुनं छप्पर उतरवून नवं चढवायचं ठरलं की गावात पहिली चौकशी होते ती सागवानाच्या भावाची. दुसरी चौकशी पॉलिशची. लाकूड किती वाळलेलं आहे आणि पावसाचं पाणी त्याला कुठून लागणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. म्हणूनच शंभर वर्षांच्या घराचे वासे अजून ठणठणीत आणि आठ वर्षांपूर्वी बसवलेली महागडी चौकट खालून भुसभुशीत, असं चित्र तळकोकणात पुष्कळ घरांत दिसतं.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आंबोलीत तो ७,००० च्या आसपास जातो. यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्या काळात हवाच इतकी दमट असते की एकदा भिजलेलं लाकूड आठवडेच्या आठवडे सुकत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला तर कुजवणारी बुरशी त्यात वाढत नाही. त्याच्या बराच वर गेला आणि तसाच टिकला की कूज सुरू होते. वाळवीलाही असं लाकूड सोपं जातं.

सागवान म्हणजे सगळंच सागवान नव्हे

सागाचा टिकाऊपणा त्याच्या तांबूस-सोनेरी गाभ्यात असतो. सालीलगतची पांढरट कड वाळवी आणि भुंगा आंब्याच्या फळीइतक्याच सहज खातात. कोवळ्या, कमी घेराच्या सागात ही कड जास्त असते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तेही सागवानच. त्यामुळे चौकट घेताना तिच्या चारही बाजू आणि दोन्ही टोकं बघावीत. रंग लावून ठेवलेली चौकट घेऊच नये, कारण रंगाखाली कड लपते.

सगळ्या घराला सागवान लागतंही नाही. जुन्या सुतारांची वाटणी आजही बरोबर आहे. खांब आणि तुळया ऐनाच्या. ऐन जड आणि भक्कम असतो, पण वाळताना तडकतो आणि खिळा घेताना हात दुखवतो, म्हणून आधी भोक पाडावं लागतं. वाशांना किंजळ चालतो. दारं, देवघर, कपाटं यांना फणस उत्तम. त्याचा पिवळा गाभा वर्षांनुवर्षं गडद होत जातो आणि रंधा चांगला घेतो. जुन्या माडाचा बाहेरचा काळसर, कठीण भाग वाशांना-रिपांना वापरता येतो, आतला मऊ भाग मात्र टाकून द्यावा. आंब्याची फळी सेंटरिंगला आणि खोक्यांना ठीक, घरात कायमची बसवू नये. पांगारा सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांत शोभतो, घराच्या कामाचा नाही.

आपल्या जागेतलं झाड आहे म्हणून लगेच कुऱ्हाड घालू नये. साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ, खैर ही झाडं महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत आहेत. ती खासगी जागेत असली तरी तोडायला परवानगी लागते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने वृक्षतोडीला मनाई केली होती, तेव्हा तिथल्या लोकांनी वनखात्याच्या कार्यालयात विचारल्याशिवाय सुताराला विसार देऊ नये.

वाळवणं : इथेच सगळे घाई करतात

अमावास्येला तोडलेलं लाकूड किडत नाही, असं जुनी माणसं सांगतात. चंद्राचं राहू दे, पण पाऊस संपल्यावर, थंडीत तोडण्याचा रिवाज मात्र फायद्याचा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात तोडून कापलेल्या फळीला मे महिन्यापर्यंत कोरडे दिवस मिळतात. एक इंची फळ्या सावलीत, जमिनीपासून हातभर वर, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून रचाव्यात. वारा आरपार गेला पाहिजे. चार-सहा महिने तरी त्या तशाच राहू द्याव्यात. जाड खांबाला वर्षही कमी पडतं. टोकांना डांबर किंवा जुना रंग फासला तर टोकं आधी वाळून फाटत नाहीत.

भारतीय मानकानुसार (आयएस २८७) दमट किनारी भागात तुळया-वाशांत २० टक्क्यांपर्यंत आणि दारं-खिडक्यांच्या पातळ लाकडात साधारण १४ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. मोजायला यंत्र नसलं तरी वाण्याच्या काट्यावर काम होतं. फळीच्या टोकापासून हातभर आतला तुकडा कापून लगेच वजन करावं. मग तो मंद उष्णतेवर, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत सुकवावा. पहिलं वजन ५८० ग्रॅम आणि शेवटचं ५०० ग्रॅम आलं, तर ८० ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे ओलावा १६ टक्के. घाटावरून तयार दार आणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की तिकडच्या कोरड्या हवेत घट्ट बसवलेलं दार इथे जुलैत फुगून अडकतं. चौकटीत दोन-तीन मिलिमीटरची फट सोडायला सांगावी.

आधी पाणी अडवा, मग डबा उघडा

कोणतंही पॉलिश वळचणीचं काम करू शकत नाही. छप्पर भिंतीच्या बाहेर अडीच-तीन फूट आलेलं असलं की खिडक्या आणि पडवीचे खांब बरेचसे कोरडे राहतात. अलीकडे स्लॅबच्या घराची नक्कल म्हणून वळचण फूटभरावर आणतात आणि मग दर वर्षी रंगाला पैसे घालतात. खांब थेट सिमेंटात गाडू नये, कारण तिथे पाणी साठतं आणि कूज डोळ्यांना दिसतच नाही. जुन्या घरांत खांब दगडी तळखड्यावर उभा असे, तो याचसाठी. चिऱ्याचा दगड पाणी शोषतो, म्हणून भिंतीत शिरणाऱ्या तुळईच्या टोकाभोवती थोडी मोकळी जागा ठेवावी आणि ते टोक बसवण्याआधी चांगलं तेलात भिजवावं. लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते आडव्या कापलेल्या टोकातूनच. पावसाळ्यात पश्चिमेला झावळ्यांची झड बांधण्याची पद्धत अनेक घरांनी सोडली, पण दारं वाचवण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

कशावर काय लावावं

फिनिशचे मोटामोटी दोन प्रकार. एक लाकडात मुरतो, दुसरा वर पापुद्रा धरतो. पापुद्रा दिसायला देखणा, पण ऊन-पावसात त्याला बारीक तडे जातात. तड्यातून पाणी आत जातं आणि वरच्या थरामुळे बाहेर पडत नाही. वरून चकचकीत आणि आतून कुजकं लाकूड होतं ते असं. म्हणून पाऊस लागणाऱ्या जागी मुरणारं तेल किंवा बाहेरच्या लाकडासाठी मिळणारा मुरणारा स्टेन बरा. तो झिजतो, पण सोलून निघत नाही. पुन्हा लावायचा तर नुसतं घासून पुसलं की झालं.

अळशीचं तेल लावायचं तर डबल बॉइल्ड घ्यावं. कच्चं तेल इथल्या हवेत लवकर वाळत नाही आणि त्यावर काळी बुरशी चढते. पहिला हात निम्म्या टर्पेंटाइनमध्ये पातळ करून द्यावा, म्हणजे खोल मुरतो. अर्ध्या तासाने वर राहिलेलं तेल पुसून काढावं. पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता तयार होते आणि अशी फडकी आपोआप पेट घेतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर पसरून सुकवावीत.

कोकणाचा स्वतःचा उपाय म्हणजे काजूच्या टरफलाचं तेल. होड्यांना आणि वाशांना ते पूर्वापार लावत आले आहेत. कीड आणि पाणी दोन्हींना ते चांगलं अडवतं. रंग काळपट होतो, म्हणून वासे, रिपा, गोठ्याचे खांब यांना ठीक. हे तेल बिब्ब्यासारखं उततं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि डोळ्यांना चष्मा हवाच. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

गाडीचं जळकं ऑइल फासण्याची सवय मात्र सोडलेली बरी. लाकूड काळं पडतं, वास जात नाही, उन्हाळ्यात ठिबकतं, आग लागली तर भडका उडतो आणि वाळवी शेवटी येतेच.

घरात, छपराखाली कोरड्या राहणाऱ्या लाकडाला किडीपासून वाचवायला बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्स पुरतं. १० लिटर पाण्यात २४० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड आणि ३६० ग्रॅम बोरॅक्स विरघळवून लाकूड त्यात बुडवून ठेवावं, नाहीतर दोन-तीन हात द्यावेत, आणि पूर्ण सुकल्यावरच तेल किंवा पॉलिश लावावं. पावसात हे मीठ धुऊन जातं, म्हणून बाहेर उपयोग नाही. द्रावण मुलं आणि गुरांपासून लांब ठेवावं. बाहेरच्या खांबांसाठी कारखान्यात दाबाखाली औषध भरलेलं लाकूड मिळतं, पण त्यातल्या काही औषधांत आर्सेनिक असतं. त्याची गव्हाण करू नये आणि त्याचे तुकडे चुलीत जाळू नयेत.

लाखेचं पॉलिश फक्त आतल्या फर्निचरला लावावं, ओल लागली की त्यावर पांढरे डाग उठतात. मेलामाईनही आतच. ऑइल पेंट दारांना चालतो, पण लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, आधी प्रायमर हवा आणि दाराच्या वरच्या-खालच्या कडाही रंगवलेल्या हव्यात. रंगारी नेमक्या त्याच सोडतात, कारण त्या कोणाला दिसत नाहीत. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालगत साधे लोखंडी खिळे खाऱ्या हवेत गंजून फुगतात आणि लाकूड चिरतात. तिथे स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी स्क्रू घ्यावेत, निदान गॅल्व्हनाइज्ड तरी.

हे सगळं काम फेब्रुवारी ते मे या काळात उरकावं. जून तोंडावर आल्यावर दिलेला हात अर्धवट वाळतो. मग ऑक्टोबरात, ऊन पडू लागल्यावर, चौकटींची खालची टोकं, खांबांचे बुंधे आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून बघावीत. टोक सहज आत गेलं तर तेवढा भाग कापून जोड द्यावा लागेल. लाकूड कठीण लागलं, पण पाणी टाकल्यावर थेंब न थांबता मुरला, तर येत्या उन्हाळ्यात तेलाचा एक हात पुरेल.