डोळ्यातलं फूल

'त्याच्या डोळ्यात फूल पडलंय' असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणत. शब्द किती गोड आणि दुखणं किती वाईट! बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. जखमेने, जंतुसंसर्गाने किंवा अ जीवनसत्त्वाच्या अभावाने तो पांढरा पडला, की उजेड आत शिरत नाही.

खराब काच काढून नवी बसवावी, ही कल्पना जुनीच. १८३८ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड किसम यांनी एका रुग्णाच्या डोळ्यावर डुकराचा कॉर्निया बसवला. थोड्याच दिवसांत तो गढूळ झाला. जनावराचा पडदा माणसाला मानवेना.

यश आलं ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स या गावी. अलोइस ग्लोगर नावाच्या मजुराचे दोन्ही डोळे चुन्याने भाजून गेले होते. चुन्याची कळी विरघळताना कशी उकळते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. त्याच सुमारास कार्ल ब्राउअर या अकरा वर्षांच्या मुलाचा जखमी डोळा काढावा लागला. डॉक्टर एडुआर्ड झिर्म यांनी त्या डोळ्याचा कॉर्निया घेऊन ग्लोगरच्या दोन्ही डोळ्यांवर बसवला. उजवा डोळा गेला, पण डावा स्वच्छ राहिला. ग्लोगर पुन्हा कामावर जाऊ लागला.

पण दर वेळी असा डोळा मिळणार कुठून? हा प्रश्न सोडवला ओडेसाच्या व्लादिमीर फिलातोव्ह यांनी. मृत व्यक्तीचा कॉर्निया थंडीत जपून ठेवता येतो आणि तो जिवंत डोळ्यावर रुजतो, हे त्यांनी १९३० च्या दशकात शेकडो शस्त्रक्रियांनी दाखवून दिलं. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून परका पडदा शरीर बहुधा स्वीकारतं. नेत्रपेढ्या उभ्या राहिल्या त्या याच पायावर.

म्हणजे डॉक्टरांनी आपलं काम केव्हाच केलं. अडलंय ते आपल्या दाराशी. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, वय कितीही असो, दान करता येतं. चेहराही विद्रूप होत नाही. पण त्या सहा तासांत घर रडण्यात बुडालेलं असतं, आणि नेत्रपेढीला फोन करायचं कुणालाच सुचत नाही. म्हणून ही गोष्ट आधीच, सगळे हसतखेळत असताना, घरच्यांना सांगून ठेवायला हवी.